तोरणमाळ ते डाब: थंडीतल्या कोळ्यांच्या मागावर

जानेवारी लागला की आमच्याकडे पेपरात नंदुरबारच्या सातपुड्यातली एक बातमी हमखास येते, डाबला दवबिंदू गोठले, तोरणमाळला पारा घसरला, आणि सोबत गवतावरच्या पांढऱ्या थराचा फोटो. मे महिन्यात ४५ पार करणाऱ्या खान्देशात बर्फ म्हटल्यावर लोकं गाड्या काढून जातातच. आम्ही पण मागच्या आठवड्यात जाऊन आलो, फक्त आम्हाला बर्फापेक्षा कोळी बघायचे होते. कोळी म्हणजे आठ पायांचे, जाळंवाले.

आमच्या कॉलेजचे प्राणिशास्त्राचे रिटायर्ड सर आहेत, आयुष्यभर कोळ्यांच्या मागे फिरलेले. दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला युरोप-अमेरिकेतल्या अशा कोळ्यांबद्दल सांगितलं की जे हिमयुगात सगळीकडे होते आणि आता एखाद्या दगडाच्या ढिगात, एखाद्या डोंगराच्या टोकावर तेवढेच उरलेत, चारी बाजूंनी उष्ण मुलूख आणि मध्ये यांचं थंड घर. मी म्हटलं सर आपल्या डाबला पण बर्फ पडतो की. सर म्हणाले, "मग चल ना, बघू तिथं कोण राहतं ते." सर, काकू, गाडी चालवायला माझा मावसभाऊ आणि मी असे निघालो.

शुक्रवार: जळगाव, चोपडा, शहादा

सकाळी निघालो, चोपड्याच्या अलीकडे अडावदहून आत वळून उनपदेवला थांबलो. गोमुखातून गरम पाणी येतं, लोकं आंघोळी करत होती, काकूंनी पाय बुडवले आणि उठायलाच तयार नव्हत्या. सरांनी तिथंच विषय सुरू केला. म्हणाले ही बघ वेगळ्या तापमानाची एक जागा, आजूबाजूला एक हवामान आणि इथल्या वीस पावलांत दुसरंच. आपण थंडीच्या अशाच जागा शोधायला चाललोय.

तिथून शिरपूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला बाभळीच्या कुंपणावर करड्या रंगाचे जाळ्यांचे गोळे दिसायला लागले. आपण लहानपणापासून बघतो पण थांबून बघत नाही. सरांनी गाडी थांबवायला लावली. हे सामाजिक कोळी, स्टेगोडिफस सारासिनोरम, एका घरट्यात खूप जण एकत्र राहतात, शिकार पण मिळून ओढतात, कोळ्यांमध्ये हे फार दुर्मिळ. आम्ही वाकून बघत होतो तर एक सायकलवाले बाबा थांबले, "बाभूयमा काय देखी ऱ्हायनात भाऊ?" सरांनी त्यांना एक टोळ जाळ्यात अडकलेला दाखवला, आतून एक कोळी आला, मग दुसरा, मग पाच-सहा जण, आणि सगळे मिळून त्याला घरट्याच्या तोंडाकडे ओढायला लागले. बाबा बराच वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले की आमच्या शेताच्या बांधावर पण असलं आहे, आता तोडणार नाही.

सर म्हणाले हा आपल्या खान्देशचा खरा कोळी, कोरडं काटेरी रान आणि कडक ऊन याला चालतं. आपण ज्यांच्या मागावर आहोत ते बरोबर याच्या उलट.

गाडीत मग सगळी गोष्ट सांगितली. साधारण २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, स्कँडिनेव्हियावरचं बर्फ उत्तर जर्मनीपर्यंत आलेलं, आल्प्स पण बर्फाखाली, आणि मधल्या चेक-जर्मनीच्या भागात उघडी गार माळरानं. तिथं थंडीचे कोळी खुशाल फिरत होते. पुढं गरम व्हायला लागलं तसं काही उत्तरेला सरकले, काही डोंगर चढून वर गेले, आणि काही जण होते तिथंच एखादी गार फट धरून बसले. उत्तरेला गेलेले आणि फटीत राहिलेले यांच्यामध्ये आता हजारो किलोमीटर आहेत. ॲकँथोलायकोसा नॉर्वेजिका म्हणून एक लांडगा कोळी आहे, नावातच नॉर्वे, त्याची एक उपजात चेक-पोलंडच्या सीमेवरच्या सुदेती डोंगरांत दगडांच्या उतारांवर पळते. वुबानॉइडिस युरालेन्सिस नावाचा दुसरा छोटा कोळी, त्याचे नातेवाईक उरल-सायबेरियात, आणि हा मध्य युरोपात दगडांच्या राशीत खोल आत.

मावसभाऊ म्हणाला, सर पण ते चालत का नाही जात परत आपल्या लोकांकडं. सर म्हणाले जायला मध्ये रस्ता पाहिजे ना, दोन पावलं बाहेर आला की त्याच्यासाठी उन्हाळा सुरू. छोट्या कोळ्यांची पिल्लं धाग्यावर तरंगत वाऱ्यानं उडतात खरी, पण उडून पडणार कुठं, बहुतेक जागा गरमच. थंड फट नेमकी सापडणं अवघड.

शहाद्याला मुक्काम. रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, तर्री इतकी की काकूंनी दोनदा दही मागवलं. जेवताना सरांनी रानपिंगळ्याची आठवण काढली. हा छोटा घुबडाचा प्रकार, १८८४ नंतर कोणाला खात्रीनं सापडलाच नव्हता, गेला म्हणूनच धरलेलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबतच्यांना तो इथं शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. जिथं आपण शेवभाजी खात होतो तिथून जवळच. जगाच्या पक्षिशास्त्रात शहाद्याचं नाव या एका पक्ष्यामुळे आहे आणि शहाद्यात हे माहीत असणारी माणसं कमी भेटतात, याचं मला वाईट वाटतं.

टीप: पेट्रोल-डिझेल आणि रोख पैसे शहाद्यातच घ्या, वर नेटवर्क येतं-जातं. राहायचं आधी फोन करून ठरवा, जानेवारीत शनिवार-रविवारी गर्दी असते.

शनिवार: घाट आणि सीताखाई

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर पण सातपायरीचा घाट सावकाश चढायचा, वळणं जोरात आहेत. वर पोचल्यावर काचा उघडल्या आणि हवा बदललेली एकदम कळली. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, यशवंत तलाव, गोरक्षनाथांचं मंदिर, महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. आता मात्र शांत होतं.

ज्यांच्या घरी उतरलो ते पावरा कुटुंब. दादा, वहिनी, आणि दादाची आई, आजी. दादाला सरांनी सांगितलं आम्हाला दगडांच्या थंड जागा बघायच्यात, तर त्यानं जास्त काही विचारलं नाही, विळा कमरेला लावला आणि म्हणाला चला सीताखाई.

सीताखाईची दरी वरून सगळेच बघतात, रेलिंगपाशी फोटो काढतात. दादानं आम्हाला बाजूच्या पायवाटेनं थोडं खाली नेलं, तळापर्यंत नाही, मधल्या दगडांच्या उतारापर्यंत. काळे बेसाल्टचे धोंडे कड्यावरून तुटून एकमेकांवर रचलेले, मध्ये मोठमोठ्या फटी. दुपारचे बारा वाजलेले, वरचा दगड हाताला गरम लागत होता. सरांनी फटीत हात घालायला लावला (आधी बॅटरीनं बघून, विंचू असतात). आत गार. त्यांनी छोटं डिजिटल थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडलं, दगडावर ३० च्या जवळ आणि हातभर खाली १५. मी ते दोन आकडे वहीत लिहिले आणि पुन्हा पुन्हा बघत होतो, मध्ये फक्त माझ्या हाताएवढं अंतर!

सावलीच्या बाजूला एका ठिकाणी पाणी झिरपत होतं, तिथं शेवाळ अजून हिरवं होतं. सर गुडघ्यावर बसले आणि भिंगातून बघायला लागले, मलाही बसवलं. दोन दगडांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी आडवी पातळ चादर विणलेली होती, वरून काही बारीक उभे धागे, आणि चादरीच्या खालच्या बाजूला उलटा लटकलेला एक कोळी, तिळाहून थोडा मोठा. पोट काळपट, चकचकीत, पाय फिकट पिवळे आणि इतके बारीक की प्रकाश बदलला की दिसेनासे होतात. मी श्वास सोडला तर चादर हलली, तो दोन पावलं सरकून परत थांबला. एक अगदी बारीक माशी वरच्या धाग्यांना अडखळून चादरीवर पडली, त्यानं खालूनच तिला धरलं आणि चादरीतून आत ओढलं. सर हळूच म्हणाले लिनिफिडी, चादर विणणाऱ्यांचं कुळ. जगात साडेचार हजारांहून जास्त जाती, आणि थंड देशात जितकं उत्तरेला जावं तितका यांचा भरणा जास्त. बर्फाच्या थराखाली जमिनीलगत जी पोकळी राहते तिथं पण यांच्यातले काही हिवाळाभर फिरत असतात. याची जात मायक्रोस्कोपशिवाय सांगता येत नाही, आणि आम्ही त्याला उचललं नाही. फोटो घेतला आणि उठलो.

त्या शेवाळाजवळच बसून सरांनी अमेरिकेतल्या एका कोळ्याबद्दल सांगितलं आणि मला वाटतं सगळ्या ट्रिपमध्ये माझ्या डोक्यात जास्त तेच राहिलंय. मायक्रोहेक्सूरा मॉन्टिवागा. हा टॅरँट्युलाच्या नात्यातला, पण मोठा झाला तरी ३-४ मिलिमीटर. दक्षिण ॲपलेशियन डोंगरांच्या अगदी वरच्या टोकांवर, साधारण १६०० मीटरच्या वर, स्प्रूस आणि फर झाडांच्या सावलीत दगडावर जे शेवाळाचं जाड अंथरूण असतं त्याच्या आणि दगडाच्या मध्ये नळीच्या आकाराचं जाळं करून राहतो. बस, तेवढीच त्याची जागा. शेवाळ फार ओलं झालं तरी चालत नाही, कोरडं तर अजिबातच नाही. १९२५ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. पुढं युरोपातून आलेल्या एका माव्याच्या जातीतल्या किड्यानं तिथली फ्रेझर फरची झाडं मारली. झाडं गेली, ऊन खाली आलं, शेवाळ वाळलं, कोळी गेला. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. कोळ्याला त्या किड्यानं हातसुद्धा लावलेला नाही, फक्त त्याच्या डोक्यावरची सावली काढली.

दादा हे सगळं ऐकत होता. मग वर कड्याच्या काठाकडे बोट करून म्हणाला, तिथं आधी झाडं दाट होती, माझे वडील सांगायचे की इथं उन्हाळ्यात पण पाणी टपकायचं. आता फाल्गुनात बंद होतं.

टीप: सीताखाईत उतरायचं तर गावातला माणूस सोबत घ्याच आणि त्याचे पैसे आधी ठरवून नीट द्या. दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवा, त्याच बाजूनं, कारण खालचं ओलं जग एका दुपारीत वाळतं. वनखात्याची हद्द आहे, काहीही उचलून आणायचं नाही.

रात्री मक्याची भाकरी, उडदाची दाळ, वर लसूण-मिरचीचा ठेचा. आजीनं चुलीपुढं बसवून गरम गरम वाढलं, मला वाटतं पुढच्या जानेवारीपर्यंत मी त्या दाळीबद्दल बोलत राहणार. जेवणाआधी सातच्या सुमारास तलावाकडच्या माळावर गेलो होतो. सरांनी शिकवलं की बॅटरी कपाळाशी धरून उजेडाच्या रेषेतच बघायचं. तसं केलं तर गवतात बारीक बारीक हिरवट ठिपके चमकायला लागले, पाहावं तिथं. सगळे लांडगा कोळ्यांचे डोळे, त्यांच्या डोळ्यात मागं प्रकाश परतवणारा थर असतो. काकूंनी पण बॅटरी घेतली, एका ठिपक्यापाशी जाऊन बसल्या, तर ती मादी होती आणि तिच्या पाठीवर पिल्लांची गर्दी. भावानं व्हिडिओ काढलाय.

रविवार: गोठलेलं गवत आणि हरभऱ्याचं शेत

पहाटे पाचला दादानं दार वाजवलं. बाहेर दात वाजत होते. परत त्याच माळावर गेलो, बॅटरी कपाळाशी धरली, आता एकही डोळा नाही. सगळे बिळात, गवताच्या बुडात. कोळ्याला स्वतःची ऊब नसते, हवेची असेल तीच.

उजाडलं तसं दिसलं. तलावाच्या बाजूच्या खोलगट भागात गवताच्या पात्यांवर पांढरा खरखरीत थर, हाताला लागला की वितळायचा. जमिनीलगत थर्मामीटर शून्याच्या किंचित खाली, माझ्या छातीच्या उंचीला ५, आणि दादाच्या घराच्या ओट्यावर, जे थोडं चढावर आहे, ८. बातमीत येतो तो एकच आकडा, आणि इथं एका गावात सकाळी सहाला तीन हवामानं होती. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन उष्णता सोडते, गार हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते.

दादानं त्याचं हरभऱ्याचं शेत दाखवलं. अर्धं चढावर, अर्धं खाली. खालच्या वाफ्यातल्या झाडांची शेंडं काळी पडलेली, करपलेली, आणि वीस-पंचवीस पावलं वर गेलं की झाडं हिरवीगार, फुलावर. "खाली थंडी बसते," तो म्हणाला, "म्हणून मी पुढच्या साली खाली गहू टाकणार." वरच्या भागात गवताला फनेलच्या आकाराची जाळी होती, हिप्पासा कोळ्यांची, त्यांच्यावर दव जमून उन्हात चमकत होतं. खालच्या करपलेल्या पट्ट्यात जाळी होती पण फाटलेली, धाग्यांवर दव गोठलेलं.

आता मला वाटलं होतं की बर्फ मिळाला म्हणजे थंडीचे कोळी पण याच खोलगट जागेत असणार. सरांनी सीताखाईच्या फटीत रात्रभर ठेवलेलं दुसरं थर्मामीटर आणायला लावलं. त्याच्यातला सगळ्यात खालचा आकडा १३. म्हणजे बाहेर गोठत होतं तेव्हा दगडाच्या पोटात ऊब होती, आणि दुपारी बाहेर तापत होतं तेव्हा तिथं गारवा.

सर म्हणाले हेच समजून घे. थंडीच्या कोळ्याला कडक हिवाळा पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, त्याला खरं तर थंड उन्हाळा पाहिजे. गोठवणारी थंडी तो सोसतो, शरीरातलं पाणी लगेच गोठू नये याची सोय त्याच्याकडे असते. त्याला मारतं ते ऊन. डाबचं, तोरणमाळचं गवत जानेवारीत गोठतं आणि मे महिन्यात तेच गवत भाजून निघतं, तिथं हिमयुगातलं कोणी टिकणार नाही. आपल्याकडे जी फट आहे ती हिमयुग नाही सांभाळत, ती पावसाळा सांभाळते. म्हणजे ओल आणि सावली लागणारे जीव त्या फटीत उन्हाळा काढतात.

मग युरोपातल्या जागेत असं वेगळं काय आहे? मी हे विचारल्यावर सर खूश झाले आणि चहा थंड होईपर्यंत बोलत राहिले. चेक देशाच्या उत्तरेला जुन्या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत, आपल्यासारखाच काळा बेसाल्ट. उंची किती, तर बऱ्याचशा तोरणमाळच्या निम्म्यासुद्धा नाहीत. प्लेशिवेत्स, कामेनेत्स ही त्यातली नावं. उतारावर धोंड्यांची रास, आत फटींचं जाळं वरपासून खालपर्यंत जोडलेलं. हिवाळ्यात राशीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, म्हणून ती वरच्या तोंडातून बाहेर पडते आणि खालच्या तोंडातून बाहेरची कडाक्याची गार हवा आत ओढली जाते, आजीच्या चुलीचं धुराडं चालतं तसंच. महिनोन्महिने असं चाललं की खालचे दगड आतपर्यंत गोठतात. उन्हाळ्यात वारा उलटा फिरतो, आतली गार जड हवा खालून बाहेर वाहते, आणि वर लोक घामाघूम असताना खालच्या फटीत बर्फ असतो. तिथं बोरेच नावाची ४४९ मीटरची टेकडी आहे, हिवाळ्यात तिच्या माथ्यावरच्या भोकांतून कोमट हवा येते आणि आजूबाजूला बर्फ असताना त्या भोकांभोवती शेवाळ हिरवं राहतं. व्लास्तिमिल रूझिच्का नावाच्या चेक संशोधकानं वर्षानुवर्षं या राशींच्या आतले कोळी अभ्यासले. माथ्यावर ऊन आवडणारे कोळी आणि पायथ्याला हिमयुगातले, एकाच ढिगात.

अमेरिकेत आयोवा आणि शेजारच्या भागात चुनखडीच्या उतारांवर पण असंच, आत बर्फ साठतो आणि उन्हाळाभर फटींतून गार हवा येते. तिथं एक बारीक गोगलगाय राहते जी आधी फक्त जीवाश्मांतून माहीत होती, मेलेलीच समजत होते, आणि नंतर जिवंत सापडली. मला लगेच रानपिंगळा आठवला. या जागा जपायला तिथं १९८९ मध्ये एक अभयारण्य केलं, आणि ते सलग मोठं जंगल नाही, तुकडे तुकडे आहेत, कारण गार उतारच तुकड्यांत आहेत. हे मला फार पटलं. आपण अभयारण्य म्हटलं की वाघ आणि शेकडो चौरस किलोमीटर धरतो, एखाद्या दगडाच्या उताराला पण कुंपण आणि पाटी लागू शकते हे डोक्यातच येत नाही.

टीप: गोठलेलं गवत बघायचं तर उजाडायच्या आत खोलगट जागी पोचा, ऊन आलं की दहा मिनिटांत संपतं. आणि शेतात बूट घालून घुसू नका, फोटोसाठी आलेल्या लोकांनी तुडवलेले वाफे आम्ही बघितले, करपलेल्या हरभऱ्यावर आणखी हा मार.

सोमवार: धडगाव, मोलगी, डाब

आजीनं निघताना आमचुराची पुडी हातात दिली, पैसे घेतलेच नाहीत, मग काकूंनी त्यांची शाल तिच्या खांद्यावर टाकली. धडगावकडे रस्ता खाली-वर, काही ठिकाणी खडी, वेळ लागतो पण दऱ्या बघत जायचं. एका वळणावर अस्तंबा दिसला, १३२५ मीटर, अश्वत्थाम्याचा डोंगर, दिवाळीत इथं यात्रेला लोक रात्रभर चालत वर जातात. सर म्हणाले सातपुडा आणखी हजार-दीड हजार मीटर उंच असता तर मी तुला त्या टोकावर शोधायला लावलं असतं. उंचीवर कोळी कुठवर जातात याला हद्द नाही, एव्हरेस्टच्या अंगावर ६७०० मीटरवर एक उड्या मारणारा कोळी राहतो, युओफ्रिस ऑम्निसुपरस्टीस, खालून वाऱ्यानं उडून येणारे किडे खातो.

इथंच त्यांनी सुंदरलाल होरांचं सांगितलं. होरा माशांचे अभ्यासक. त्यांना प्रश्न पडला होता की पूर्व हिमालय आणि मलायाकडच्या डोंगरी ओढ्यांतल्या माशांचे नातेवाईक एकदम सह्याद्रीत कसे, मध्ये तर एवढा कोरडा प्रदेश. १९४० च्या दशकात त्यांनी मांडलं की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग जास्त उंच आणि ओली असणार आणि हे जीव त्या रांगेवरून पश्चिमेला आले असणार. सातपुडा गृहीतक म्हणूनच ते ओळखलं जातं, पुढं त्यावर खूप वाद झाले, आजही सगळे मानत नाहीत. पण ज्या डोंगरांना आपण खान्देशची नुसती उत्तरेची भिंत समजतो, त्यांना एका शास्त्रज्ञानं पूल म्हणून बघितलं. मी त्या रस्त्यावर खिडकीतून डोकं काढून बसलो होतो आणि माझ्यासाठी सातपुडा त्या दिवशी बदलला.

मोलगीला बाजारात भगर घेतली, इथली भगर आणि आमचूर दोन्ही घ्याच. मग डाब. याहामोगी मातेचं ठिकाण, आदिवासी भाविक लांबून येतात. आम्ही दर्शन घेतलं. खालच्या शेतांत स्ट्रॉबेरी लावलेली, एका ताईनं तोडून लगेच दिली, गोड कमी आंबट जास्त, पण उन्हात उभं राहून खाताना मस्त लागली. पहाटे इथंही गवत पांढरं झालं होतं असं ती म्हणाली, रोपांवर गवत पसरून झाकतात. तिच्या विहिरीच्या दगडी काठाखाली, सावलीत, परत तीच आडवी चादर आणि खाली लटकलेला बारीक कोळी. सरांनी तिला भिंग दिलं. ती बघून हसली, तिच्या मुलीला हाक मारली, मग मुलीनं शेजारच्या तीन पोरांना आणलं, आणि आमचा निघायचा वेळ गेला. सरांनी भिंग त्या मुलीला देऊन टाकलं.

अक्कलकुवा, तळोदा करत उतरलो तेव्हा तापीच्या पट्ट्यात काचा परत उघडाव्या लागल्या, अंगातले स्वेटर काढले, रस्त्याकडेच्या बाभळीवर सामाजिक कोळ्यांची घरटी परत सुरू.

टीप: तोरणमाळ ते डाब एका दिवसात होतं पण सकाळी लवकर निघा, मध्ये हॉटेलं कमी. लहान मुलं असतील तर घाटात उलटीच्या गोळ्या ठेवा. थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लक्षात ठेवणारं घ्या.

आता काम राहिलंय उन्हाळ्याचं. दादाकडे आम्ही एक थर्मामीटर सीताखाईच्या फटीत आणि एक हरभऱ्याच्या खालच्या वाफ्यात ठेवून आलोय, तो दर अमावास्या-पौर्णिमेला आकडे फोनवर सांगणार आहे आणि मे महिन्यात आम्ही परत जाणार. सरांना बघायचंय की बाहेर रान भाजत असताना ती फट किती गार राहते आणि चादरवाले तेव्हा कुठं असतात. तुमच्यापैकी कोणी धडगाव, मोलगी, पाल किंवा पाटणादेवीकडे राहत असाल तर तुम्ही पण करा. सावलीतली खोल फट निवडा, थर्मामीटर दगडाला टेकू देऊ नका, शेजारी बाहेरचं तापमान पण त्याच वेळी घ्या, तारीख-वेळ लिहा, आणि जाळं दिसलं तर न हलवता बाजूनं आणि खालून फोटो काढा. मला पाठवा, मी सरांपर्यंत पोचवतो.